ट्रॅक्टर ओढत नाही? आधी इंजिन की ड्राइव्ह ते ठरवा, मग पाना लावा



फळछाटणी झाली, ब्लोअर बाहेर निघाले, की अवजार बँकेच्या या नंबरवर एक वाक्य हमखास येतं: "ट्रॅक्टरला पावर नाही." काही जण लिहितात "दम नाही", कुणी "चढाला बसतो", कुणी नुसता रडका इमोजी टाकतात. आणि बऱ्याचदा त्याच मेसेजात पुढे असतं: "मिस्त्री म्हणतोय पंप-नोझल करावं लागेल, करू का?"

आज त्यावरच थोडं सविस्तर लिहितोय. मेसेज लांब आहे, सावकाश वाचा. ज्यांच्याकडे गिअरचा मिनी ट्रॅक्टर आहे त्यांनाही यातलं निम्मं लागू आहे. ज्यांच्याकडे पेडलवर चालणारा, म्हणजे हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हचा लहान ट्रॅक्टर आहे, किंवा जे आपल्या बँकेतला तो भाड्याने नेतात, त्यांनी तर सगळंच वाचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. "पावर नाही" ही तक्रार झाली, निदान नव्हे. डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगितल्यावर त्याने थेट पोट उघडलं तर आपण त्याला सोडू का? ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र आपण तेच चालवून घेतो. पंप खोलला जातो, दोन-तीन दिवस जातात, बिल होतं, आणि ट्रॅक्टर पुन्हा त्याच चढाला बसतो, कारण दुखणं एअर फिल्टरमध्ये होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या दोन दिवसांत ढगाळ हवा आणि सकाळचं दव असलं तर डाऊनी तुमच्या मिस्त्रीसाठी थांबत नाही.

*पहिला प्रश्न एकच: आवाज बसतो की चाक बसतं?*

ट्रॅक्टर चढाला कमी पडतो तेव्हा दोनपैकी एक गोष्ट होते. एक, इंजिनचा आवाज जड होतो, आरपीएमचा काटा खाली येतो, इंजिन घुसमटतं. दोन, इंजिन आपलं छान एका सुरात चाललेलं असतं, काटा जागेवर असतो, पण चाकं पुढे सरकत नाहीत किंवा गोगलगायीसारखी सरकतात.

पहिल्या प्रकारात ताकद इंजिनमध्ये तयारच होत नाही, किंवा तुम्ही मागताय ती त्याच्या कुवतीबाहेरची आहे. दुसऱ्या प्रकारात ताकद तयार होते, पण चाकापर्यंत पोचत नाही. गिअरच्या ट्रॅक्टरला दुसरा प्रकार झाला तर संशय क्लचवर. जळका वास आला तर बहुतेक खात्रीच. हायड्रोस्टॅटिकला झाला तर तेलाकडे, फिल्टरकडे आणि ड्राइव्हकडे जायचं. तिसराही एक प्रकार आहे, चाक जागेवर गरगर फिरतं. ती पावरची तक्रारच नाही; पावर भरपूर आहे, पकड नाही. टायर झिजलेत, हवा जास्त आहे, वजन कमी आहे किंवा फोर व्हील टाकलेलं नाही, एवढंच.

हे ठरवायला मिस्त्री लागत नाही. कान आणि मीटर पुरतात. तरीही मला आलेल्या दहा मेसेजपैकी एखाद्यातच "आरपीएम पडतो" किंवा "पडत नाही" लिहिलेलं असतं. एवढं एक वाक्य लिहिलंत तर निम्मं काम फोनवर होतं.

*हायड्रोस्टॅटिकचं पेडल म्हणजे ॲक्सिलरेटर नाही*

आपल्याकडे हा प्रकार लहान ट्रॅक्टरमध्ये अजून कमी दिसतो. भात लावणीच्या बसून चालवायच्या यंत्रात आणि भात कापणीच्या अनेक हार्वेस्टरमध्ये मात्र तोच असतो, कोकणातल्या आणि विदर्भातल्या आपल्या पाहुण्यांना विचारा. बागेत त्याचा फायदा मोठा आहे: वळणावर क्लच-गिअर करायची गरज नाही, पुढे-मागे व्हायला पायाची हालचाल पुरे, आणि वेग हवा तितका बारीक करता येतो.

आत काय असतं? इंजिन एक तेलाचा पंप फिरवतं. त्या पंपाचं दाबाखालचं तेल एका मोटरला फिरवतं आणि मोटर चाकांना. पंपात एक तिरकी होणारी तबकडी असते. पेडल जेवढं दाबाल तेवढी ती तिरकी होते, तेवढं जास्त तेल मोटरकडे जातं, तेवढा वेग वाढतो. म्हणजे पेडल दाबणं हे गिअर वर टाकण्यासारखं आहे. इंजिनची ताकद तेवढीच. ती वेगात खर्च केली तर ओढायला उरत नाही.

आता आपल्या पायाची सवय बघा. मोटारसायकल, जीप, पिकअप, सगळीकडे चढ आला की पाय खाली. या ट्रॅक्टरवर चढ आला की पाय *उचलायचा*. थोडा उचला, वेग कमी होतो, ओढ वाढते, इंजिनचा आवाज मोकळा होतो. जो गडी चढावर पेडल बुडापर्यंत दाबून धरतो, तो एका अर्थाने पाचव्या गिअरमध्ये चढ चढतोय. आणि त्यात डिझेल वाचवायला हाताचा थ्रॉटल अर्ध्यावर ठेवलेला असला तर विचारायलाच नको. या ट्रॅक्टरला इंजिनचा वेग हाताच्या लिव्हरने द्यायचा, चालीचा वेग पायाने. जड कामाला लिव्हर पीटीओच्या खुणेपर्यंत वर, रेंजची दांडी लो वर, आणि पाय हलका.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. 600 लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच 600 किलो. ब्लोअर, ट्रॅक्टर, चालवणारा धरून सगळं मिळून 2 टन धरू. 100 फुटाला 10 फूट चढ असेल तर वर ओढायलाच 200 किलोचा जोर लागतो. ओल्या मऊ मातीत चाक रुतून चालायला आणखी 150 किलो धरा. झाले 350. ताशी 5 किमी म्हणजे सेकंदाला सुमारे 1.4 मीटर. 350 गुणिले 1.4 भागिले 75, म्हणजे चाकावर साडेसहा एचपी. हायड्रोस्टॅटिक ड्राइव्हमध्ये गिअरपेक्षा जास्त ताकद उष्णतेत जाते. वाटेत चौथा भाग गेला असं धरलं तर इंजिनला जवळपास 9 एचपी द्यावे लागतात. मागे ब्लोअर 15 खात असेल तर 24 चं इंजिन तिथेच संपलं. तोच चढ ताशी अडीच किमीने चढा: चालीला साडेचार एचपी पुरतात, चार-साडेचार हाताशी उरतात.

ट्रॅक्टर तोच, चढ तोच, टाकी तीच. फरक पायाचा.

यावर लगेच "ड्रायव्हरच अडाणी" असं म्हणणारे सभासद आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही. ड्रायव्हर दादांना हे सांगितलं कुणी? डिलिव्हरीच्या दिवशी नारळ फुटतो, हार घातला जातो, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. पेडलबद्दल बोलायला पाच मिनिटं कुणाकडे नसतात, आणि सोबत मिळालेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतच घरातल्या कपाटात जातं. ते पुस्तक काढा. त्यात तुमच्या मॉडेलचा इंजिनचा कमाल आरपीएम, पीटीओचा आरपीएम, तेलाचा प्रकार, फिल्टर बदलायचे तास, सगळं छापलेलं असतं. पीटीओवर खरे किती एचपी मिळतात तेही बघा. बोनेटवरचा आकडा इंजिनचा असतो, मागे मिळणारा त्याहून कमी.

*उभ्या ट्रॅक्टरवर करायची तपासणी*

हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरचा एक फायदा निदानाला फार उपयोगी पडतो. बहुतेक मॉडेलमध्ये पीटीओला ताकद इंजिनकडून सरळ दांड्याने-गिअरने जाते, चाकांच्या तेलाच्या वाटेने जात नाही. म्हणून ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून ब्लोअर चालवला की इंजिनची एकट्याची परीक्षा होते.

सपाट जागा घ्या. हँडब्रेक लावा, रेंज न्यूट्रल करा, पेडलवरून पाय काढा. टाकीत साधं पाणी, औषध नको. पीटीओच्या दांड्यावर कव्हर आहे ना ते बघा, पोरंबाळं लांब ठेवा, गळ्यातला गमछा आणि सैल ओढणी-पदर काढून किंवा खोचून ठेवा. इंजिन गरम झाल्यावर आधी भार नसताना लिव्हर पूर्ण वर करा आणि काटा बघा. पुस्तकातल्या कमाल आकड्यापर्यंत जात नसेल तर थांबा. थ्रॉटलची केबल ढिली आहे किंवा लिव्हर मध्येच अडतो. तेवढ्यावरूनच बोंब असू शकते. मग लिव्हर खाली घेऊन पीटीओ टाका, हळूहळू पीटीओच्या खुणेपर्यंत आणा, पंखा आणि नोझल चालू करा.

काटा थोडासा उतरून स्थिर राहिला, आवाज एकसुरी राहिला, तर इंजिन ठीक आहे. पंप-नोझलचा विषय तिथेच बंद करा. कुणी कितीही आग्रह केला तरी.

काटा धाडकन पडला तर धूर बघा. काळा धूर दाट येत असेल तर डिझेल पोचतंय, हवा पुरत नाही, किंवा भार जास्त आहे. काटा पडतोय आणि धूर फारसा नाही, तर उलटं: डिझेलच पोचत नाही. या एका फरकाने कितीतरी दिवस वाचतात. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनला पांढरा धूर सतत येत असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. तो मात्र मिस्त्रीचा विषय, त्यात हात घालू नका.

आणि हो, ब्लोअरलाही संशयातून सोडू नका. पंख्याचा गिअर हाय वर राहिलाय, गिअरबॉक्समध्ये तेल नाही, बेअरिंग धरलंय, तर ट्रॅक्टर बिचारा काय करेल? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्याच ब्लोअरला लावून बघा. तोही बसला तर उत्तर मिळालं.

*काळा धूर: हवेची वाट*

एअर फिल्टर. द्राक्षबागेत धूळ, गंधकाची पावडर, सुकलेली पानं, सगळं तिथे जाऊन बसतं. कागदी फिल्टर जमिनीवर आपटून साफ करणारे अजून आहेत. त्याने कागद फाटतो, धूळ इंजिनात जाते आणि मग खरंच इंजिन कामाला येतं. हवा मारायची तर कमी दाबाने, आतून बाहेर. काळवंडला असेल तर नवा घाला, तो इंजिनपेक्षा स्वस्तच. ऑइल बाथ असेल तर वाटीतलं तेल बदला. जाळीत घर केलेली गांधीलमाशी, नळीच्या आत सुटलेला रबराचा पापुद्रा, या गोष्टी हसण्यासारख्या वाटतात, पण होतात. सायलेन्सरही आतून कोंडू शकतो. टॅपेटचं अंतर कधी तपासलंय ते आठवत नसेल तर तेही यादीत घ्या.

*धूर नाही आणि दम नाही: डिझेलची वाट*

टाकीपासून सुरुवात करा. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट असते. ती चोंदली की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल खाली उतरेनासं होतं. ट्रॅक्टर तास-अर्धा तास चांगला चालतो, मग मरगळतो, थोडा वेळ उभा केला की पुन्हा चालतो. झाकण सैल करून चालवून बघा, फरक पडला तर झालं निदान, फुकटात. मग टाकीतली जाळी, नळीची घडी, सैल क्लिप, डिझेल फिल्टर. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत आणि उघड्या कॅनमध्ये पाणी जमतं. फिल्टरच्या वाटीखालचा बोल्ट सोडून ते काढा. कॅनच्या तळाचं शेवटचं लिटर टाकीत ओतायचा मोह टाळा. त्यात डिझेलपेक्षा गाळच जास्त असतो.

एवढं सगळं झाल्यावर, आणि तेव्हाच, पंप आणि नोझल. नोझल तपासायला द्या, तिची फवार आणि दाब मशीनवर बघता येतो. मिस्त्रीला म्हणा, मला समोर दाखव.

*इंजिन ठीक, पण चाक ओढत नाही: तेलाची वाट*

इथे एकच प्रश्न महत्त्वाचा: *थंड असताना कसा चालतो आणि गरम झाल्यावर कसा?*

सकाळी ठणठणीत आणि अकरानंतर सुस्त, तर तेल गरम होऊन पातळ होतंय आणि आत कुठेतरी गळून दाब सोडतंय. याची स्वस्त कारणं आधी: तेलाची पातळी कमी, चुकीचं तेल, चोंदलेला ट्रान्समिशन फिल्टर, तेल थंड करणारी जाळी किंवा पंखा पानांनी आणि औषधाच्या थराने बुजलेला. महाग कारण शेवटी: पंप-मोटरच्या आतली झीज.

सकाळी आणि दुपारी सारखाच सुस्त, तर पेडलपासून सुरुवात करा. पेडलखाली वाळलेला चिखल किंवा खडा अडकला तर ते पूर्ण खाली जातच नाही, आणि मग वेग कमीच राहतो. पेडलपासून ड्राइव्हपर्यंतची दांडी वाकली किंवा तिचा जोड झिजला तरी तेच. हँडब्रेक पूर्ण सुटतोय का ते बघा. ड्रमला हात न लावता, जवळ नेऊन गरम धग लागते का बघा. काही मॉडेलना ट्रॅक्टर ओढून न्यायचा असेल तेव्हा उघडायचा एक बायपास असतो. तो कुणी उघडून नीट बंद केला नसेल तर तेल मोटरला वळसा घालून परत जातं. बरं, बंद पडलेला हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर दोर बांधून वेगाने ओढायचा नसतो, पुस्तकात दिल्याप्रमाणेच.

तेलाबद्दल मला जरा कडक बोलायचंय. या ट्रॅक्टरमध्ये बहुधा एकच तेल ड्राइव्हला, हायड्रॉलिक लिफ्टला आणि ओल्या ब्रेकला चालतं. दुकानात त्याला वेट ब्रेक ऑइल म्हणतात. पण "वेट ब्रेकचं कुठलंही द्या" असं नका म्हणू. पुस्तकात ग्रेड लिहिलेली असते, तीच घ्या. इंजिन ऑइलने किंवा जुन्या गिअर ऑइलने वेळ भागवणं म्हणजे तुपाऐवजी डांबर. तेल दुधासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, फेस येत असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. दोन्ही असताना ट्रॅक्टर चालवत राहिलात तर आतले बारीक घासलेले भाग खरवडले जातात, आणि मग स्वस्त दुखणं महाग होतं.

फिल्टरचंही तसंच. ड्राइव्हच्या बंद फेऱ्यात सतत ताजं तेल भरणारा एक छोटा चार्ज पंप असतो. फिल्टर कोंडला की त्याचा दाब पडतो आणि सगळी ओढ जाते. नव्या ट्रॅक्टरला पहिला बदल बहुतेक पुस्तकांत 50 तासांना सांगितलेला असतो, कारण सुरुवातीची धातूची किस त्यातच येते. "अजून नवाच तर आहे" म्हणून तो पहिला बदल टाळला जातो. नेमका तोच टाळायचा नसतो.

इतकं बघूनही सुस्तच असेल तर प्रेशर गेज लावायचा. चार्जचा दाब किती, मुख्य दाब किती, थंड असताना आणि गरम झाल्यावर. मुख्य दाब शेकडो बारचा असतो, म्हणून हे काम ज्याला येतं त्यानेच करायचं. गळती बोटाने चाचपायची नाही. सुईसारखी धार कातडीतून आत जाते आणि बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. पुठ्ठा धरून बघा. तसं लागलंच तर "थोडंसंच आहे" म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा आणि काय लागलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पंप-मोटर गावातल्या शेडमध्ये, वाऱ्यात, पोत्यावर मांडून खोलायची वस्तू नाही. इंजिनचं बरंचसं काम आपले मिस्त्री उत्तम करतात, त्यांच्या हाताला तोड नाही. पण इथे धुळीचा एक कणसुद्धा पुरतो.

*तपासणीचे पैसे द्यायला शिका*

हे थोडं कडू लागेल. मिस्त्री आधी पंपच का उघडतो? त्याला दुसरं येत नाही म्हणून नव्हे. आपण त्याला बघण्याचे पैसे देत नाही म्हणून. तो 40 किमीवरून मोटारसायकलने येतो, दोन तास कान लावून ऐकतो, टाकीचं झाकण सैल करतो आणि सांगतो, "झालं." आपण काय म्हणतो? "एवढ्याचे काय पैसे? चहा घे." तोच माणूस पंप खोलून दोन दिवसांनी बिल देतो तेव्हा आपण मुकाट्याने देतो, कारण काहीतरी "काम" झालेलं दिसतं. मग त्याने झाकण का सैल करावं?

म्हणून माझं म्हणणं असं की तपासणीची मजुरी वेगळी ठरवा आणि ती दुरुस्ती निघो न निघो द्या. त्या बदल्यात तीन आकडे लिहून मागा: भार नसताना आरपीएम, पीटीओवर भार टाकून आरपीएम, आणि हायड्रोस्टॅटिक असेल तर चार्जचा दाब. आकडे नाहीत तर पंप खोलायचा नाही. जुने अनुभवी मिस्त्री म्हणतील, "मला कानाने कळतं." कळतही असेल, मी त्यांचा मान राखतो. पण त्यांचा कान पुढच्या वर्षी तुलना करायला वहीत उरत नाही. आकडा उरतो.

आणि हेच कंपनीलाही लागू आहे. आपल्या अवजार बँकेत एक आरपीएम मीटर आणि जोडण्यांसह एक प्रेशर गेज असायला हवा, सभासदांना तपासणीपुरता माणसासकट मिळेल असा. नवा रोटाव्हेटर घ्यायची सूचना दर बैठकीत येते, टाळ्या पडतात. गेज मागितला की "त्याने काय नांगरणी होते?" असं विचारतात. होत नाही नांगरणी. पण बंद पडलेले ट्रॅक्टर हंगामात वेळेवर बाहेर काढता येतात. पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, विरोध असेल त्यांनी तिथे जरूर बोला. गिअरच्या ट्रॅक्टरवाल्या सभासदांचा पैसा हायड्रोस्टॅटिकच्या गेजवर का, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की लिफ्ट नीट उचलत नाही ही तक्रार गिअरवाल्यांचीच जास्त, आणि योग्य जोडणी असली तर तीही त्याच गेजवर बघता येते.

तोवर, तक्रार पाठवताना एवढं करा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, ज्यात मीटरचा काटा, सायलेन्सरचा धूर आणि आवाज तिन्ही येतील. चालू ट्रॅक्टरवर बसून मोबाइल धरू नका, दुसऱ्याला काढायला सांगा. सोबत व्हॉइस मेसेजमध्ये सांगा: गिअर की पेडल, मीटरवर एकूण तास किती, थंड असताना होतं की गरम झाल्यावर, चढाला होतं की सपाटीलाही, शेवटचं तेल आणि फिल्टर केव्हा बदलले, कुठलं तेल घातलं. सकाळी 8 च्या आत पाठवलंत तर त्याच दिवशी दुपारपर्यंत उत्तर द्यायचा प्रयत्न असतो; फवारणीच्या दिवसांत थोडं पुढे-मागे होईल.

– अवजार बँक विभाग
(हा मेसेज आपल्या ड्रायव्हर दादांनाही पुढे पाठवा. वाचायला वेळ नसेल त्यांना पेडलचा भाग वाचून दाखवा.)